सहा दिवसांत सहा वर्षे? मद्य झटपट मुरवण्याच्या यंत्रांविषयी

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे: आपल्याकडे धान्यापासून गाळलेले, अद्याप लाकडाचा स्पर्श न झालेले कोरे मद्य तयार आहे, ते ओकच्या पिंपांत वर्षानुवर्षे अडकवून ठेवण्याइतके भांडवल नाही, आणि एका विक्रेत्याने ध्वनिलहरी व उष्णता वापरणारे यंत्र सुचवले असून, त्यातून सहा दिवसांत सहा वर्षे मुरल्यासारखे मद्य निघते असे तो सांगतो. हा दावा कितपत खरा आणि यंत्र घ्यावे की नाही, हा आपला प्रश्न. गाळणी आणि मिश्रण या दोन्ही कामांत माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि अशी यंत्रे मी विक्रेत्याच्या टेबलावर तसेच प्रत्यक्ष कारखान्यातही पाहिली आहेत. माझे उत्तर असे, की यंत्र काहीच करत नाही हे म्हणणे खोटे आहे आणि ते सहा वर्षे करते हे म्हणणेही खोटे आहे; कारण पिंपात एकच घड्याळ चालत नसते, तेथे तीन-चार घड्याळे वेगवेगळ्या गतीने चालतात आणि यंत्र त्यांपैकी एखादेच पुढे ढकलते.

‘एजिंग’ या शब्दात नुसते वय आहे. आपल्या ‘मुरणे’ या शब्दात एक वस्तू दुसरीत शिरणे आणि दोन्ही बदलणे हा अर्थही आहे, आणि पिंपात घडते ते नेमके हेच. ओकच्या लाकडात सेल्युलोज, हेमिसेल्युलोज, लिग्निन आणि टॅनिन हे मुख्य घटक असतात. पिंप बांधताना आतील बाजू शेकली किंवा करपवली जाते तेव्हा हेमिसेल्युलोज फुटून फरफ्युरालसारखी, भाजलेल्या साखरेच्या वळणाची द्रव्ये तयार होतात. लिग्निन फुटून व्हॅनिलिन, सिरिंगाल्डिहाइड आणि धुरकट वासाचे ग्वायकॉल मिळते. आणि लाकडात मुळातच असलेली लॅक्टोने नारळासारखा गंध देतात. अमेरिकन पांढऱ्या ओकमध्ये ही लॅक्टोने ठळक असतात, तर युरोपीय ओकमध्ये टॅनिनचा तुरटपणा अधिक असतो. साठ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेले मद्य हे सर्व विरघळवून घेते. हे पहिले घड्याळ आणि ते आपोआपच वेगाने धावते: नव्या पिंपात रंगाचा मोठा हिस्सा पहिल्या वर्षाच्या आतच उतरतो आणि नंतर चढ मंदावतो. घाई करणाऱ्या जवळजवळ सर्व पद्धती याच घड्याळाला हात घालतात, कारण ते डोळ्यांना दिसते.

दुसरे घड्याळ वजाबाकीचे आहे. कोऱ्या मद्यात गंधकाची संयुगे असतात. उकडलेल्या कोबीसारखा किंवा नुकत्याच विझवलेल्या काडीसारखा दर्प त्यांचाच. त्यांतील डायमिथाइल सल्फाइडसारखी हलकी संयुगे पिंपातून उडून जातात आणि काही करपलेल्या थराच्या कोळशावर धरली जातात. या थराची जाडी जेमतेम काही मिलिमीटर असते, पण त्याच्याशिवाय मद्य कितीही गडद झाले तरी नाकाला कच्चेच लागते. बाहेरून टाकलेल्या साध्या शेकलेल्या चकत्यांमध्ये हा थर नसतो, ही गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत.

तिसरे घड्याळ प्राणवायूचे. फळ्यांमधून आणि सांध्यांमधून हवा अगदी थोडी थोडी आत येते; लाकडातून आलेली टॅनिने आणि भट्टीच्या तांब्याचे सूक्ष्म अंश यांच्या मदतीने अल्कोहोलचे काही प्रमाणात अ‍ॅसिटाल्डिहाइड होते, त्यातून अ‍ॅसिटल आणि अ‍ॅसिटिक आम्ल होते, आणि आम्ल व अल्कोहोल मिळून एस्टर बनतात, ज्यांना फळांचा वास असतो. शेवटची ही क्रिया उलटसुलट चालणारी आहे. ती एका समतोलापाशी येऊन थांबते आणि तिथवर पोहोचायला वेळ घेते.

आणि चौथे, ज्याची खिशाला सर्वात जास्त झळ बसते ते, बाष्पीभवनाचे. थंड हवामानात पिंपातून वर्षाला सुमारे २ टक्के मद्य उडते. उष्ण प्रदेशात हा आकडा १० टक्क्यांपलीकडेही जातो. वर्षाला २ टक्के धरले तरी बारा वर्षांनी पिंपात ७८ टक्क्यांच्या आसपासच उरते, म्हणजे जी द्रव्ये उडत नाहीत ती केवळ या आटण्याने सव्वापटीहून थोडी अधिक दाट होतात. अमेरिकेच्या महसूल खात्यातील क्रॅम्प्टन आणि टॉलमन या रसायनतज्ज्ञांनी १८९८ पासून आठ वर्षे ३१ पिंपांतील मद्य दर वर्षी तपासले आणि १९०८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आम्ले आणि एस्टर तीन-चार वर्षांत समतोलाला येतात, करपवलेल्या पिंपात चौथ्या वर्षानंतर चवीत होणारी सुधारणा बहुतांशी आटण्यामुळे होते, आणि मुरण्याने जड अल्कोहोले नाहीशी होतात ही समजूत चुकीची आहे, असे त्यांना आढळले. शंभरहून अधिक वर्षांनंतरही यंत्र विकायला येणाऱ्या माणसापुढे ठेवायला याहून चांगला कागद मला माहीत नाही. झाकणबंद पोलादी टाकीत आटणे जवळजवळ शून्य असते. ‘आमच्या पद्धतीत काहीच उडून जात नाही’ अशी जाहिरात होते तेव्हा पिंपातील चार कामांपैकी एक आपण करत नाही याचीच ती कबुली असते.

आता घाईच्या मुळाशी असलेली अडचण आकड्यांत पाहू. तापमान वाढवले की रासायनिक क्रिया वेग घेतात, पण सर्व क्रिया सारखा वेग घेत नाहीत. समजा, एका क्रियेचा वेग दर १० अंशांना दुप्पट होतो आणि दुसरीचा तिप्पट. मद्य २० अंशांवरून ६० अंश सेल्सियसवर नेले तर पहिली क्रिया १६ पट वेगाने चालेल आणि दुसरी ८१ पट. म्हणजे जी दोन द्रव्ये पिंपात एका प्रमाणात तयार झाली असती, त्यांचे प्रमाण पाचपटीने बिघडले. त्यामुळे गरम टाकीतील सहा दिवसांचे मद्य हे सहा वर्षांच्या मद्याची जलद आवृत्ती नसते. ते निराळ्या प्रमाणांचे निराळे पेय असते. ते चांगलेही असू शकते, आणि मी काही चांगली चाखलीही आहेत, पण त्याला वर्षांच्या मापाने मोजता येत नाही.

पद्धतींपैकी सर्वात जुनी आणि सर्वात साधी म्हणजे लहान पिंप. २०० लिटरच्या पिंपात प्रत्येक लिटरमागे लाकडाचा साधारण १०० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग मिळतो. पिंप २० लिटरचे केले तर हे प्रमाण सुमारे २.१५ पट होते, ५ लिटरचे केले तर जवळपास ३.४ पट. दहापट लहान पिंप म्हणजे दहापट वेग असे समजणाऱ्यांची येथेच फसगत होते. शिवाय लाकूड वेगाने उतरते आणि प्राणवायूचे काम मागे राहते, म्हणून लहान पिंपातील मद्य काही महिन्यांत गडद, तुरट आणि तरीही घशाला बोचणारे असे होते. मद्याचे पिंप वेळेवर रिकामे करणे ही त्यात खरी कला आहे.

ओकच्या चकत्या, पट्ट्या किंवा मळसूत्री तुकडे टाकीत सोडणे ही पद्धत स्वस्त आहे आणि नीट वापरली तर उपयोगीही आहे, पण तिने मला एकदा चांगलाच धडा शिकवला आहे. एका उत्पादकाकडे ५०० लिटर मद्य ६२ टक्के तीव्रतेवर, मध्यम शेकलेल्या चकत्यांसह ४० अंशांवर ठेवले होते. चौथ्या दिवशी रंग हवा तसा आला होता. ‘अजून थोडे’ म्हणत आम्ही ते दहाव्या दिवसापर्यंत ठेवले. काचेच्या पेल्यात घेऊन पाणी घालून २० टक्क्यांवर आणले आणि वर झाकण ठेवून दोन मिनिटांनी हुंगले तेव्हा नुकत्याच कापलेल्या लाकडाचा ओला भुसा समोर ठेवल्यासारखा वास आला. जिभेच्या कडांना तुरटपणा असा धरून बसला की पुढचा नमुना चाखता येईना. भुशाचा तो वास मुख्यतः ट्रान्स-२-नोनेनाल या अल्डिहाइडचा असतो आणि तो नीट न वाळवलेल्या, कमी शेकलेल्या लाकडातून येतो. पिंपाच्या फळ्या बांधणीपूर्वी दीड ते तीन वर्षे उघड्यावर ऊन-पावसात वाळवल्या जातात, त्यात पुष्कळ कडवट टॅनिने धुऊन जातात. चकत्यांचे लाकूड अनेकदा भट्टीत झटपट वाळवलेले असते. ती ५०० लिटरची टाकी आम्हाला पुढे दुसऱ्या मिश्रणांत चमच्याचमच्याने खपवावी लागली. तेव्हापासून चकत्या घेताना ‘किती शेकल्या’ याआधी ‘कशा वाळवल्या’ हे मी विचारतो, आणि नमुना रोज काढतो, रंगासाठी नव्हे, वासासाठी.

उष्णतेच्या वापराला मात्र मी सरसकट नावे ठेवणार नाही. गोदाम आळीपाळीने तापवले आणि थंड होऊ दिले की मद्य फुगून लाकडाच्या आत शिरते आणि आकसून परत येते. अमेरिकेत तापवलेली गोदामे एकोणिसाव्या शतकापासून आहेत. तैवानच्या कावालान या भट्टीने २००६ साली गाळणी सुरू करून २००८ च्या अखेरीस पहिली बाटली बाजारात आणली आणि २०१५ मध्ये तिच्या एका व्हिस्कीला जागतिक स्पर्धेत सर्वोत्कृष्ट सिंगल माल्टचा मान मिळाला. तेथे वेग आला तो हवेच्या उष्णतेने, पण पिंप, कोळशाचा थर, प्राणवायू आणि आटणे ही चारही कामे चालूच होती, आणि आटण्याची किंमतही चुकती होत होती. उष्णता वाढवून बाकीचे तिन्ही काढून टाकणे ही निराळी गोष्ट आहे.

आपल्यापुढे ठेवलेले यंत्र ध्वनिलहरींचे आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने. २० ते ४० किलोहर्ट्झच्या ध्वनिलहरी द्रवातून गेल्या की सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि कोसळतात. कोसळताना क्षणभर, अतिशय लहान जागेत, प्रचंड दाब आणि तापमान निर्माण होते. त्या धक्क्यांनी लाकडाचे तंतू उघडतात आणि द्रव आत शिरतो, त्यामुळे लाकूड उतरवण्याचे काम खरोखरच वेगाने होते. स्पेनमधील कादिझ विद्यापीठाच्या संशोधकांनी ओकच्या चकत्या आणि ध्वनिलहरी वापरून ब्रँडीवर केलेले काम या दिशेने गंभीरपणे घेण्यासारखे आहे. परंतु बुडबुडे कोसळताना मुक्त मूलकही (रेणू तुटून उरलेले, अतिशय क्रियाशील तुकडे) तयार होतात आणि ते अल्कोहोलवर तुटून पडून अ‍ॅसिटाल्डिहाइड वाढवतात. ऊर्जा जास्त दिली की मद्याला हिरव्या सफरचंदाच्या सालीसारखा धारदार वास येतो तो यामुळेच. द्रव तापत जातो, म्हणून थंड करण्याची सोय नसलेले यंत्र प्रत्यक्षात ध्वनीचे नसून हीटरचे काम करत असते. आणि ध्वनिलहरी सोडण्यासाठी द्रवात बुडवलेल्या दांड्याचे टोक, जे बहुधा टायटॅनियमच्या मिश्रधातूचे असते, ते झिजते. ते कण बाटलीत जाऊ नयेत यासाठी गाळण कोणती आहे, हे विक्रेत्याला विचारावे. मला एकदा या प्रश्नाला उत्तर म्हणून दुसरे माहितीपत्रक मिळाले होते.

दाब वाढवून-घटवून लाकडात मद्य घुसवण्याचा मार्ग क्लीव्हलँड व्हिस्की या अमेरिकन कंपनीने बाजारात आणला. तेथील एक मुद्दा मला पटतो, की पिंप बांधता येणार नाही अशा लाकडांचाही, उदाहरणार्थ चेरी किंवा हिकरी, त्यात वापर करता येतो. लॉस्ट स्पिरिट्स या अमेरिकन भट्टीचे ब्रायन डेव्हिस यांनी उष्णतेने एस्टर घडवणे आणि तीव्र प्रकाशाने ओकमधील मोठे रेणू फोडणे अशी जोडी लावली. २०१५ च्या सुमारास त्यावर बरीच चर्चा झाली, आणि भरपूर गंधाच्या रमसाठी ती कल्पना हुशारीची आहे. प्रकाशाबाबत एक सावधगिरी सांगतो: आलुबुखार, चेरी अशा आठळीच्या फळांपासून गाळलेल्या मद्यात प्रकाशामुळे एथिल कार्बामेट वाढते, आणि ते आरोग्याला घातक मानले जाते. आपले मद्य धान्याचे असल्याने हा धोका कमी आहे, तरी पुढे फळांकडे वळलात तर हे ध्यानात असू द्यावे.

यंत्र कोणतेही असो, त्यात काय घालता यावर निम्मे अवलंबून आहे. पिंपातील बारा वर्षे ओबडधोबड गाळणीला थोडेफार सांभाळून घेतात. सहा दिवस तिला उघडे पाडतात. जड अल्कोहोले कोणत्याही घाईने जात नाहीत, ती गाळतानाच धार कोठे तोडायची याच्या निर्णयाने आटोक्यात ठेवायची असतात. पहिल्या धारेचे कौतुक बोलण्यात असू द्यावे, टाकीत नको. झटपट मुरवण्यासाठी मी धारेचा राखून ठेवायचा मधला भाग नेहमीपेक्षा अरुंद ठेवतो, शेवटची जड धार लवकर तोडतो, आणि मद्याला तांब्याचा सहवास जास्त मिळेल असे पाहतो, म्हणजे गंधकाचे काम यंत्रावर पडत नाही. त्याखेरीज लाकडाचा संपर्क संपल्यावर मद्य काही आठवडे हवेची थोडी पोकळी ठेवून स्वस्थ ठेवले तर तिसऱ्या घड्याळाला निदान थोडी चावी मिळते. शुद्ध प्राणवायू सोडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. हवेत अल्कोहोलची वाफ ३.३ ते १९ टक्क्यांच्या दरम्यान असली की ठिणगीने स्फोट होऊ शकतो, प्राणवायूत तर ही मर्यादा आणखी रुंदावते, आणि ६० टक्के तीव्रतेचे मद्य खोलीच्या तापमानालाच पेट घेण्याइतकी वाफ सोडते. यंत्राची विद्युत सामग्री ज्वलनशील वाफेच्या जागेसाठी प्रमाणित आहे का, याचे लेखी उत्तर नसेल तर बाकी चर्चा तेथेच थांबवावी.

कायद्याचा भाग थोडक्यात, पण तो निर्णायक आहे. स्कॉच व्हिस्कीसाठी ७०० लिटरपेक्षा मोठे नसलेल्या ओकच्या पिंपात, स्कॉटलंडमध्ये, किमान तीन वर्षे लागतात. युरोपीय संघातही व्हिस्की म्हणवून घ्यायला लाकडी पिंपातील तीन वर्षे आवश्यक आहेत. अमेरिकेत बर्बनला, म्हणजे तेथील मक्याच्या व्हिस्कीला, किमान काळाची अट नाही, ‘स्ट्रेट’ बर्बनला दोन वर्षांची आहे. वय म्हणून फक्त ओकच्या पिंपातील काळ लिहिता येतो, आणि व्हिस्की किंवा ब्रँडीला पिंपाखेरीज लाकूड लावले असेल तर तसे लेबलवर सांगावे लागते. हे नियम किती काटेकोर असतात याचे उदाहरण म्हणजे कंपास बॉक्स या स्कॉच मिश्रण करणाऱ्या कंपनीची ‘स्पाइस ट्री’ ही व्हिस्की: २००५ साली पिंपाच्या आत फ्रेंच ओकच्या जादा फळ्या बसवून ती तयार केली गेली, स्कॉच व्हिस्की असोसिएशनच्या आक्षेपामुळे ती थांबवावी लागली, आणि २००९ मध्ये तेच लाकूड पिंपाच्या दोन्ही टोकांच्या चकत्या म्हणून वापरून ती परत आली. आपण जेथे विकणार तेथे यंत्रातून निघालेल्या पेयाला कोणते नाव लावता येईल, हे अगोदर लेखी विचारून घ्यावे, कारण ‘व्हिस्की’ हा शब्द गमावला तर यंत्राचे सारे गणित बदलते.

चाचणी अशी घ्यावी. विक्रेत्याने आणलेल्या तयार नमुन्यावर निर्णय घेऊ नका. आपलेच मद्य, आपल्या कुलपातील, त्याच्या यंत्रात घाला. शेजारी त्याच मद्यात तेवढ्याच चकत्या घालून, यंत्राशिवाय, त्याच तापमानावर एक बरणी ठेवा. अनेक प्रात्यक्षिकांत ही बरणीच नसते, आणि यंत्राचे श्रेय म्हणून जे दाखवले जाते त्यातील बरेचसे काम नुसत्या चकत्या आणि उष्णता यांचे असते. दोन्हींबरोबर एक पिंपात मुरलेला नमुना घेऊन तिघांवर फक्त क्रमांक टाका, सर्व २० टक्क्यांवर आणा, आणि रंग लपवणाऱ्या पेल्यांत निदान पाच जणांना हुंगायला द्या. प्रयोगशाळेकडून व्हॅनिलिन, सिरिंगाल्डिहाइड, फरफ्युराल, अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि एथिल अ‍ॅसिटेट मोजून घ्या. ओकमध्ये नीट मुरलेल्या मद्यात सिरिंगाल्डिहाइड साधारणपणे व्हॅनिलिनपेक्षा जास्त असते, आणि हे प्रमाण उलटे दिसले तर बाहेरून सुगंध घातला आहे का अशी शंका घ्यावी. त्यानंतर अर्ध्या भरलेल्या बाटल्या सहा आठवडे ठेवून तीच चाचणी पुन्हा करा. घाईने उतरवलेल्या मद्यात या काळात टॅनिनपासून सुटलेले एलॅजिक आम्ल तळाशी करड्या गाळासारखे बसते आणि पहिल्या दिवशीचा व्हॅनिलाचा ठसका ओसरून खालचा कच्चेपणा वर येतो. तो आला नाही, तर यंत्राचा विचार जरूर करावा.

या चाचणीला दोन-अडीच महिने लागतील. तोवर भांडवल परवडेल तेवढी, दोन-चार का होईना, पूर्ण आकाराची पिंपे भरून ठेवावीत; यंत्रातून निघणाऱ्या मद्याला पुढे मिश्रणासाठी जुन्या मद्याची जोड लागणारच आहे, आणि ती मला तरी नेहमी एकूण मिश्रणाच्या पाचव्या हिश्श्याइतकी लागली आहे.